मॅच संपू दे

आमच्या मुलीची टीम टीव्हीवर दिसत नाही. पेपरात येण्याचा तर प्रश्नच नाही. बायकांच्या फुटबॉलची तिसऱ्या दर्जाची लीग, ती कोण छापणार? पण फोनवर एक अ‍ॅप आहे. त्यात जगातल्या झाडून सगळ्या टीम सापडतात. कुणाची मॅच कधी, कुठे, किती वाजता. मॅच चालू असेल तर कितवं मिनिट चालू आहे आणि गोल किती झाले. चित्र नाही, आवाज नाही. नुसती नावं आणि आकडे, आणि चालू मॅचच्या पुढे लुकलुकणारा एक हिरवा ठिपका. माझी बायको दोन वर्षं दर रविवारी त्या ठिपक्यावर डोळे लावून बसायची.

मुलीला आम्ही भिंगरी म्हणतो. लहानपणी ती एका जागी ठरायची नाही. माझं काचेचं दुकान आहे. मी खिडक्यांना काचा बसवून देतो, फोटो मढवून देतो. आणि सगळ्यात जास्त काचा मी कुठे बसवल्या असतील तर माझ्याच घरात. भिंगरीचा बॉल आणि आमची खिडकी. बायको म्हणायची, "लोक गिऱ्हाईक शोधत फिरतात, तुम्ही घरातच जन्माला घातलंत."

मोठी झाल्यावर भिंगरीला रक्त तपासायच्या लॅबमध्ये चांगली नोकरी लागली. वर्षभर केली आणि सोडली. दूरच्या शहरातल्या एका टीमने तिला बोलावलं होतं. बायको म्हणाली, "जायचं तर जा, पण मग माझ्याशी बोलू नकोस." ती रागात बोलून गेली. पण भिंगरी म्हणाली, "नाही बोलणार." दोघींचं एकच, तोंडातून शब्द गेला की गेला. मागे घ्यायचा म्हणजे नाक कापल्यासारखं व्हायचं दोघींनाही.

त्यामुळे फोनवर मी बोलायचो. माझा जुना बटणांचा फोन आहे, त्यावर भिंगरी करायची. बायको शेजारी बसून भाजी निवडायची. मग मी मुद्दाम मोठ्याने म्हणायचो, "काय, ताप आला होता?"

बायको भाजीकडे बघून म्हणायची, "ताप आला की शहाणी माणसं डॉक्टरकडे जातात."

तिकडून भिंगरी म्हणायची, "बाबा, कुणी विचारलंच तर सांगा, डॉक्टरकडे जाऊन आले."

"जाऊन आली म्हणते."

"मला कशाला सांगताय? मी विचारलं का?"

असं आमचं चालायचं. मधल्यामध्ये मी पोस्टमन.

ते अ‍ॅप बायकोनेच शोधलं. ती कपड्यांच्या कारखान्यात काज-बटणांच्या मशीनवर होती. तिथल्या कुणी मुलीने दाखवलं असेल. टीमच्या नावापुढची घंटी दाबून ठेवली की आपोआप सगळं कळतं, हे तिनेच मला सांगितलं. सुरुवातीला घोटाळे व्हायचे. एकदा ती स्वयंपाकघरातून ओरडली, "अहो, पंचेचाळीस अधिक दोन! एवढे गोल कुणी करतं का?" ते मिनिट होतं. गोल शून्य होते.

भिंगरी मागे खेळते, चार नंबर. गोल करणाऱ्यांची नावं स्क्रीनवर येतात, गोल अडवणाऱ्यांची येत नाहीत. सुरुवातीच्या अकरा जणींच्या यादीत तिचा नंबर दिसला, की मग दीड-दोन तास तिचं काही कळायचं नाही. एकच गोष्ट होती. तिला धसमुसळेपणाबद्दल पिवळं कार्ड मिळालं, की चार नंबरपुढे छोटा पिवळा चौकोन यायचा. तो आला की बायकोचा चेहरा उजळायचा.

"मिळालं, मिळालं! पिवळं मिळालं!"

"अगं, ती शिक्षा असते."

"असू दे ना. पाडलं म्हणजे कुणालातरी. म्हणजे अंगात ताकद आहे. जेवतेय नीट."

मुलीला शिक्षा झाली म्हणून आनंदाने चहा टाकणारी आई मी दुसरी पाहिली नाही. स्क्रीनवरचे आकडे मैदानावर बसलेला कुणीतरी माणूस भरत असतो म्हणे. कधी ते दहा-दहा मिनिटं हलायचे नाहीत. मग बायको त्या माणसावर चिडायची. "गेला वाटतं चहा प्यायला. याला कामावर कोणी ठेवलं?"

एकदा मॅच चालू असताना मी भिंगरीला फोन लावायला गेलो, तर बायकोने हातातून काढून घेतला. "मैदानात आहे ती. खेळणाऱ्याला मागून हाक मारायची नाही." आणि वर दर वेळी ताकीद, "तिला सांगायचं नाही हं मी बघते म्हणून. शपथ आहे."

मी नाही सांगितलं.

त्या रविवारी कपची फायनल होती. तिसऱ्या दर्जाची असली तरी फायनल ती फायनल. बायकोने सकाळी चहा घेतला आणि म्हणाली, "दुपारी तीनला आहे. तोवर जरा पडते. अंग जड वाटतंय." मी दुकानात एक आरसा कापून ठेवला होता, तो पोहोचवून आलो. येऊन बघतो तर ती तशीच, कुशीवर, फोन उशाशी. हाक मारली. हात लावला. शेजारचे डॉक्टर धावत आले, त्यांनी तपासलं आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. हृदय बंद पडलं, झोपेतच.

मला तेव्हा एकच सुचलं, भिंगरीला कळवायला हवं. उशाशी बायकोचाच फोन होता. त्यावर भिंगरीचं नाव अजून होतं. लावला. वाजत राहिला, तिने उचलला नाही. परत लावला. सगळी सकाळ मी तेच करत होतो. लोक येत होते, खुर्च्या येत होत्या, कुणी माझ्या हातात पाण्याचा ग्लास देत होतं, आणि मी तो फोन कानाला लावून उभा.

बायकोचा थोरला भाऊ आला. त्याला सगळे दादा म्हणतात, मीही म्हणतो. त्याने आल्या आल्या सगळं हातात घेतलं. तसा तो खमका माणूस, त्याच्यामुळेच त्या दिवशी घर उभं राहिलं. तो म्हणाला, "भाऊजी, पाचला गाडी सांगितलीय."

"भिंगरी यायची आहे."

"कळवलंत?"

"उचलत नाही."

दादा खुर्ची ओढून माझ्यासमोर बसला. "हे बघा. ती येत असेल तर उद्यापर्यंत थांबू, बर्फाची सोय मी करतो. पण तुमच्या भरवशावर नाही. आईशी दोन वर्षं न बोललेली पोरगी रात्रभर प्रवास करून येईल? तिच्या तोंडून 'येते' असं आलं पाहिजे. नाहीतर पाचला निघायचं. माझ्या बहिणीचे असे हाल नकोत मला."

"येईल ती."

"तिच्या तोंडून, भाऊजी."

धाकट्या मेहुणीने टीमच्या ऑफिसचा नंबर शोधून काढला. तिथून मॅनेजरबाईंचा मिळाला, पण तोही वाजत राहिला. तीन वाजले. मी बायकोच्या फोनवर ते अ‍ॅप उघडलं. अकरा जणींची यादी आली होती. चार नंबर होता. हिरवा ठिपका लुकलुकायला लागला.

मी आतल्या खोलीत बायकोजवळ भिंतीला टेकून बसलो आणि स्क्रीनकडे बघत राहिलो. खोलीत दहा-बारा बायका होत्या. त्यांच्यात कुजबुज झाली. मेहुणी वाकून म्हणाली, "भाऊजी, काय बघताय?"

"मॅच."

तिने कपाळाला हात लावला. दारातून दादाने ऐकलं. "भाऊजी! ही काय वेळ आहे? लोक काय म्हणतील?"

"भिंगरी मैदानात आहे," मी म्हणालो. "बाहेर आली की इथे कळेल. तेव्हा फोन लागेल."

मेहुणी माझ्या शेजारी येऊन बसली. थोड्या वेळाने तिने हळूच विचारलं, "आपली कोणती?"

"चार नंबर."

मी त्या दिवशी देवाला, म्हणजे ज्या कुणाला म्हणतात त्याला, एकच मागत होतो. तिला बाहेर काढा. खेळाडू बदलला की नावापुढे दोन बाण येतात, एक लाल, एक हिरवा. चार नंबरपुढे लाल बाण येऊ दे. तिच्या जागी दुसरी कुणी जाऊ दे. पण तो बाण येत नव्हता. मागची खेळाडू कोण बदलणार?

अर्धी मॅच झाली, एक-एक. तेवढ्यात मॅनेजरबाईंचा फोन आला. "कोण बोलताय? इतके कॉल आहेत तुमचे."

मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "फायनल म्हणून सगळ्यांचे फोन मी सकाळीच पिशवीत ठेवलेत, काका. तुम्ही म्हणाल तसं करू. आत्ता मध्यंतर आहे. तिला बाजूला घेऊ का? लगेच बस पकडली तर पहाटे तुमच्याकडे पोहोचेल. दुसरी मुलगी तयार आहे. मॅचचं सोडा तुम्ही."

दादा माझ्याकडे बघत होता. त्याने ऐकलं होतं. हातानेच खुणावलं, हो म्हणा.

मी हो म्हणणार होतो. तोंडाशी आलं होतं. पण माझ्या डोळ्यापुढे आलं की बाकीच्या सगळ्या मैदानात परत गेल्यात आणि भिंगरी कपडे बदलायच्या रिकाम्या खोलीत एकटी बसलीय, बूट काढतेय. तिच्या पाठीवर हात ठेवायला कुणी नाही. मॅच संपली की निदान दहाजणी असतील भोवती. आणि दुसरं म्हणजे, तिला अजून आई होती. मला सकाळपासून बायको नव्हती, दादाला बहीण नव्हती, पण तिला अजून तासभर होती. ती मी आताच का काढून घेऊ?

"मॅच संपू दे," मी म्हणालो. "फोन परत द्याल तेव्हा तिच्याजवळ उभ्या राहा. सांगायचं ते मी सांगतो."

मी फोन ठेवला आणि दादा उसळला. "वेड लागलंय तुम्हाला! आईपेक्षा मॅच मोठी?"

"नाही."

"मग?"

मी म्हणालो, "पाचच्या आत संपेल. तिला विचारतो. मग तुम्ही म्हणाल तसं."

दुसरा अर्धा सुरू झाला. मिनिटं पुढे जात होती. एक-एकच होतं. शेवटी शेवटी आकडा अडकला. हलेचना. मेहुणीने विचारलं, "काय झालं?"

"तो माणूस चहा प्यायला गेला असेल," मी म्हणालो, आणि मग मला काही सुधरेना. मी तोंडावर रुमाल धरला. सकाळपासून पहिल्यांदाच रडलो ते तेव्हा. मेहुणीने फोन माझ्या हातातून घेतला आणि तीच बघायला लागली.

बाहेर गाडी येऊन उभी राहिली. ड्रायव्हर दारात आला, जाडसर, खांद्यावर टॉवेल. "दादा, घ्यायचं का?"

"पाच मिनिटं," दादा म्हणाला.

मेहुणीने मान वर केली. "बरोबरीत संपली. पण ठिपका अजून लुकलुकतोय."

"बरोबरीत?" ड्रायव्हरने विचारलं. "फायनल आहे का कुठली? मग जादा वेळ देणार. पंधरा-पंधरा मिनिटं दोनदा. तेवढ्यात नाही सुटलं तर पेनल्टी." एवढं बोलून झाल्यावर त्याला कळलं आपण कुठे उभे आहोत. तो ओशाळला. "माफ करा."

दादाने त्याला बाजूला नेऊन सगळं सांगितलं असावं. कारण तो परत आला तेव्हा म्हणाला, "काका, मला आज दुसरं भाडं नाही. होऊ द्या निवांत." आणि चपला काढून दाराशीच उकिडवा बसला.

जादा वेळ संपत आला तेव्हा तो हिरवा ठिपका बघायला पाच-सहा डोकी जमली होती. दादासुद्धा मागे उभा होता, चष्मा कपाळावर ढकलून. चार नंबरपुढे पिवळा चौकोन आला. मी एकटाच त्याकडे बघत राहिलो. माझ्या बाजूला ती पडली होती, पांढऱ्या चादरीखाली, आणि मला सवयीने तिला हलवून सांगायचं होतं.

गोल झाला नाही. पेनल्टी.

स्क्रीनवर गोळ्यांच्या दोन ओळी आल्या, वरची त्यांची, खालची आपली. पेनल्टी आत गेली की गोळी हिरवी व्हायची. ड्रायव्हर एकेक समजावून सांगत होता, हळू आवाजात, जसं काही कुणी झोपलंय आणि उठेल. त्यांची हिरवी. आपली हिरवी. परत त्यांची, परत आपली. त्यांच्या पाचही हिरव्या झाल्या. आपल्या चार झाल्या. पाचव्या गोळीपुढे नंबर आला, चार.

"आपली ना?" मेहुणी म्हणाली. तिने माझं मनगट धरलं.

बराच वेळ काही झालं नाही. मग त्या गोळीवर लाल फुली आली. ठिपका विझला.

दादाने विचारलं, "म्हणजे?"

"गेली," ड्रायव्हर म्हणाला.

माझ्या मनात आलं, याच्यासाठी थांबलो मी? या फुलीसाठी? मध्यंतरात बोलावून घेतलं असतं तर ही मारायची वेळच तिच्यावर आली नसती. ते आजही मनात येतं.

मेहुणीने फोन माझ्या हातात दिला. मी आता लावणार एवढ्यात तो वाजला. भिंगरीचं नाव होतं. मी कानाला लावला.

"आई?"

तेव्हा माझ्या ध्यानात आलं की सकाळपासून मी कुणाच्या फोनवरून लावत होतो.

"आई, किती फोन केलेस गं. पिशवीत ठेवले होते सगळ्यांचे, आत्ता बघितलं." ती रडत होती, पण घाईघाईने बोलत होती, लहानपणी पडून आल्यावर बोलायची तशी. "आई, माझी पेनल्टी चुकली. माझ्यामुळे हरलो आम्ही. सगळ्या म्हणतात जाऊ दे, पण त्यांना काय… आई, बोल ना काहीतरी. ओरड हवं तर."

"भिंगरे," मी म्हणालो. "मी आहे."

"बाबा? तुम्ही कशाला घेतलात? तिला द्या ना. तिनेच केले ना फोन, मग आता कसला राग? द्या."

"तुझ्याजवळ कुणी आहे का?"

"मॅडम आहेत. हात धरून उभ्या आहेत कधीच्या. का?"

"बस खाली."

"बाबा, का?"

"आई गेली, बाळा. सकाळी. झोपेत गेली, त्रास काही झाला नाही."

तिकडे जिंकलेल्या मुलींचा गोंगाट चालू होता. लाउडस्पीकरवर कुणाचंतरी नाव पुकारत होते. मग ती म्हणाली, "म्हणजे तिने नव्हता केला?"

"काय?"

"फोन. तिने नव्हता केला?"

एक शब्द खोटा बोललो असतो तर कुणाचं काही बिघडलं नसतं. केला होता, जायच्या आधी केला होता, एवढंच. दादा समोर होता, त्यालाही तसंच वाटत असावं, त्याने 'हो म्हणा' अशी मान डोलावली. पण तिच्या नावावर खोटं मला बोलता आलं नाही.

"नाही," मी म्हणालो. "मी केला होता."

तिच्या तोंडून जो आवाज आला तो मी इथे लिहू शकत नाही.

"पण ऐक," मी म्हणालो. "तिने तुझी एक मॅच सोडली नाही."

"कुठे? आमच्या कुठे दाखवतात?"

"फोनवर. नुसते आकडे येतात ना, ते. पहिल्या मॅचपासून. मला सांगू द्यायची नाही. तुला पिवळं कार्ड मिळालं की खूश व्हायची, म्हणायची, जेवतेय नीट."

ती रडता रडता हसली की काय मला कळलं नाही. मग म्हणाली, "मी निघते. लगेच निघते. बाबा, तोवर नेऊ नका."

"नाही नेणार."

मी दादाकडे बघितलं. त्याने ऐकलं होतं. तो वळला आणि ड्रायव्हरला घेऊन बाहेर गेला, बर्फाचं कुणाला तरी सांगत.

"बाबा."

"बोल."

"फोन तिच्याजवळ ठेवा. कानाशी. आणि तुम्ही बाहेर जा सगळे."

मी बायकांना उठायची खूण केली. सगळ्या उठल्या. चादर थोडी बाजूला केली, फोन तिच्या कानाशी ठेवला, आवाज पूर्ण वाढवला. मग मी बाहेर आलो आणि दार ओढून घेतलं.

आतून भिंगरीचा आवाज येत होता. शब्द कळत नव्हते. मधेच थांबत होती, परत बोलत होती. मेहुणी दाराला कान लावायला पुढे झाली, तिला मी हाताने मागे सारलं, आणि पाठ दाराला लावून उभा राहिलो.